प्रश्न तुमचे : टॉमकॅटच्या अंगणात ठेवलेलं सामान

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहिली होती की कुणाची जावाची वेबसाइट सर्व्हरवर चढवताना अडकली असेल तर कळवा, आणि या महिन्यात एवढे मेल आले की संपादक म्हणाले आता अख्खं सदर त्यालाच देऊन टाका. देते. नवख्यांसाठी एवढंच, टॉमकॅट म्हणजे जावाची वेबसाइट चालवणारा सर्व्हरवरचा प्रोग्रॅम, वॉर म्हणजे अख्खं ॲप बांधलेली फाइल, ती त्याच्या वेबॅप्स फोल्डरमध्ये टाकून चालू करणं म्हणजे डिप्लॉय, आणि ४०४ म्हणजे पान सापडलं नाही. दोन गोष्टी आधीच सांगते. मला 'सर' म्हणून लिहिणारे याही वेळी तिघं निघाले, चालतंय, पण मी बाई आहे. आणि माणसांची, दुकानांची नावं काढून टाकलीत, गाव तेवढं ठेवलंय. पत्रं मीच छोटी केलीत, कारण एकाने अख्खा लॉग चिकटवून पाठवला होता आणि त्यात शेवटी प्रश्न लिहायचाच विसरला होता.

मिरजेहून: ताई, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट स्प्रिंग बूट या जावाच्या तयार चौकटीत केलाय, लॅपटॉपवर एक नंबर चालतो. कॉलेजच्या सर्व्हरवर टॉमकॅट ९ आहे. वॉर फाइल बनवून वेबॅप्स फोल्डरमध्ये टाकली, लॉगमध्ये एक पण एरर नाही, उलट डिप्लॉयमेंट पूर्ण झालं असंच लिहून आलंय, आणि ब्राउझरमध्ये ४०४. चार दिवस झाले. गुरुवारी व्हायवा आहे.

तुझं पत्र वाचून मला एकच गोष्ट पाहिजे होती, बूटचं व्हर्जन, आणि नेमकं तेच तू लिहिलं नव्हतंस. परत मेल करून विचारलं तर म्हणालास ३.२. विषय संपला. बूट ३ टॉमकॅट ९ वर चालत नाही, चार दिवस काय चार महिने बसलास तरी चालणार नाही, टॉमकॅट १०.१ पाहिजे आणि जावा १७.

का ते सांगते, व्हायवाला उपयोगी पडेल. सर्व्हलेट, म्हणजे ब्राउझरच्या मागणीला उत्तर देणारा जावाचा क्लास, आणि जावाचं सर्व्हरकडचं बाकी जे सामान आहे त्या सगळ्याची नावं पूर्वी जावाएक्स अशी सुरू व्हायची. हे सगळं आधी सन कंपनीचं, २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली म्हणून ओरॅकलचं झालं, आणि २०१७ मध्ये ओरॅकलने ठरवलं की आता हे एक्लिप्स फाउंडेशनला देऊन टाकू. जमीन दिली पण नाव दिलं नाही. जावा हा ट्रेडमार्क ओरॅकलकडेच राहिला, मग नव्या लोकांनी २०२० मध्ये, जकार्ता ईई ९ आलं तेव्हा, सगळ्या पॅकेजांचं जावाएक्सचं जकार्ता करून टाकलं. रान तेच, बांध तेच, सातबाऱ्यावरचं नाव तेवढं बदललं. टॉमकॅट ९ जुना सातबारा घेऊन बसलाय, १० पासून पुढचे नवा बघतात, आणि स्प्रिंग बूट ३ नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं ते नव्या नावानेच आलं.

मग एरर का नाही? कारण टॉमकॅट तुझी वॉर उघडतो आणि दारात उभा राहून जुन्या नावाने हाक मारतो, आत जावाएक्सवाले कुणी आहेत का ओ? आत बसलेत जकार्तावाले, ते ओ देत नाहीत. त्याला वाटतं घर रिकामं आहे, रिकामं घर असणं हा काही गुन्हा नाही, म्हणून तो शांतपणे लिहितो की डिप्लॉय झालं. तू पाठवलेल्या लॉगमध्ये दोन गोष्टी बघ. एवढा मोठा प्रोजेक्ट दोन सेकंदांच्या आत डिप्लॉय झालाय, लॅपटॉपवर त्याला किती लागतात ते आठव. आणि स्प्रिंग चालू होताना जो मोठ्या अक्षरांचा बॅनर येतो तो कुठेच नाही. बॅनर नाही म्हणजे तुझा कोड उठलाच नाही, मग तू कंट्रोलरमध्ये चार दिवस काय शोधत होतास?

कॉलेजचा टॉमकॅट बदलून मिळणार नाही असं तू लिहिलंयस, तर बदलू नको. टॉमकॅटची झिप आपल्या होम फोल्डरमध्ये उघड आणि तिथूनच चालव, कुणाची परवानगी लागत नाही. फक्त सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये पोर्ट बदल, ८०८० चं ८०८१ वगैरे, आणि शटडाउनचा ८००५ सुद्धा बदलायचा. पोरं हमखास तो विसरतात आणि मग म्हणतात पोर्ट बदलला तरी उठत नाही.

बाकी पटापट. मुख्य क्लासने स्प्रिंग बूट सर्व्हलेट इनिशियलायझर एक्स्टेंड केलेला पाहिजे, पॅकेजिंग वॉर पाहिजे, आणि टॉमकॅटचा स्टार्टर प्रोव्हायडेड पाहिजे. लॅपटॉपवर बूट स्वतःच्या पोटातला टॉमकॅट घेऊन फिरतं, इथे तो बाहेर आहे, त्यामुळे ॲप्लिकेशन प्रॉपर्टीजमध्ये तू जो पोर्ट आणि कॉन्टेक्स्ट पाथ लिहिलायस त्याला बाहेरचा टॉमकॅट विचारतसुद्धा नाही. पत्ता ठरतो वॉर फाइलच्या नावावरून. मेव्हनने, म्हणजे वॉर बांधणाऱ्या टूलने, तुझ्या फाइलच्या नावामागे ०.०.१ स्नॅपशॉट जोडलंय ते सगळं पत्त्यात येणार. फाइलचं नाव साधं ठेव, आणि मोठ्या अक्षरात रूट असं ठेवलंस तर थेट मूळ पत्त्यावर दिसेल.

विट्याच्या एका वाचकांची याच्या बरोबर उलटी केस आहे, त्यांनी सर्व्हर नवा घेतला, त्यावर टॉमकॅट १० आला आणि २०१६ सालचं जुनं ॲप ४०४ द्यायला लागलं. तुम्हाला कोडला हात लावायची गरज नाही बहुतेक. वेबॅप्सच्या शेजारी वेबॅप्स-जावाईई नावाचा फोल्डर करा, जुनी वॉर त्यात टाका, टॉमकॅट स्वतः नावं बदलून वेबॅप्समध्ये नवी वॉर ठेवतो. सगळ्यांना जमतंच असं नाही, पण आधी हेच करून बघा.

तासगावहून: ताई, चुलत्यांचं बेदाण्याचं अडत दुकान आहे. मी त्यांना वेब ॲप करून दिलंय, लॉटची नोंद, वजन, शेतकऱ्याची पट्टी, आणि प्रत्येक लॉटच्या मालाचा फोटो. फेब्रुवारीपासून मस्त चाललंय. परवा पट्टीवर हमाली वेगळी दाखवायची होती म्हणून छोटा बदल केला, नवी वॉर टाकली, आणि सगळे फोटो गायब. नोंदी आहेत, फोटो नाहीत. चुलते माझ्याशी बोलायचे बंद झालेत. फोटो परत येतील का?

चुलते येतील, फोटोंचं सांगता येत नाही.

हे पत्र वाचून मला खरंच वाईट वाटलं कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे, फोटो नव्हते, स्कॅन केलेले कागद होते, आणि माझ्याशी न बोलणारे चुलते नव्हते, बिल देणारे साहेब होते.

तुम्ही कोडमध्ये गेट रिअल पाथ वापरून ॲपच्याच फोल्डरमध्ये अपलोड्स नावाचा फोल्डर केलाय ना? पुस्तकात असतंच तसं, आणि लॅपटॉपवर दिसतं पण छान. आता टॉमकॅट काय करतो बघा. वॉर फाइल म्हणजे झिप असते, बाकी काही नाही, तिचं नाव बदलून झिप केलं तर डबल क्लिकने उघडते, आत वेब-इन्फ, त्यात क्लासेस आणि लिब. तुम्ही बेदाणा डॉट वॉर टाकली की टॉमकॅट ती शेजारी बेदाणा नावाच्या फोल्डरमध्ये उलगडतो. हा उलगडलेला फोल्डर तुमचा नाही, त्याचा आहे. मार्केट यार्डात सौद्याला माल ताटात काढून ठेवतात तसं समजा, ताटातला माल म्हणजे नुसता नमुना, सौदा झाला की ताट रिकामं करून पुढचा लॉट लावतात, ताटात कुणी पैशाचं पाकीट ठेवत नाही. टॉमकॅट दर १० सेकंदांनी बघतो की वॉर बदललीय का, बदलली की जुना फोल्डर अख्खा पुसतो आणि नव्या वॉरमधून नवा उलगडतो. तुमचे फोटो जुन्या ताटात होते. नव्या वॉरमध्ये ते असणार कुठून?

परत आणायचं बघू. सर्व्हर भाड्याचा आहे म्हणालात, तर भाड्याने देणाऱ्यांकडे स्नॅपशॉट किंवा बॅकअप चालू होता का ते आत्ता फोन करून विचारा, काही जण आठवड्याचे ठेवतात आणि जुने पुसत जातात, म्हणजे उशीर केला तर तेही जाईल. ते नसेल तर रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका, चालू सर्व्हरवर त्या जागेवर एव्हाना दुसरं काहीतरी लिहून झालंय. त्याऐवजी एक साधी गोष्ट. फोटो काढले कुणी? दुकानातल्या दिवाणजींनी, मोबाइलवर. मोबाइलमध्ये ते अजून असतील, निदान व्हॉट्सॲपवर कुणाला तरी पाठवलेले असतील. फोटोवरची तारीख-वेळ आणि लॉटच्या नोंदीची वेळ जुळवली की बरेचसे बसतात. माझे निम्मे कागद असेच मिळाले होते, साहेबांच्या पीएच्या मेलमध्ये.

आता पुढचं. फोटोंना वेबॅप्सच्या पूर्ण बाहेर जागा द्या, वेगळा फोल्डर, आणि त्याचा पत्ता कोडमध्ये न लिहिता सेटिंगमध्ये लिहा. दाखवायला दोन रस्ते आहेत. सोपा म्हणजे टॉमकॅटच्या कॉन्फ फोल्डरमध्ये कॅटालिना, त्यात लोकलहोस्ट, तिथे फोटोज डॉट एक्सएमएल अशी एक फाइल करायची, तिच्यात एकच कॉन्टेक्स्टची ओळ, डॉकबेसला त्या बाहेरच्या फोल्डरचा पत्ता, की फोटोज या पत्त्यावर ते दिसायला लागतात. पण मग पत्ता माहीत असलेला कुणीही बघणार, आणि कुठल्या शेतकऱ्याचा माल कसा आहे हे शेजारच्या अडत्याला बघायला मिळालं तर चुलते परत बोलायचे बंद होतील. त्यामुळे दुसरा रस्ता घ्या, छोटा सर्व्हलेट लिहा जो आधी लॉगिन तपासतो आणि मग फाइल वाचून देतो. वीस-पंचवीस ओळींचं काम आहे.

आणि हे केलं की तुम्ही मला परत मेल करणार आहात की रीड-ओन्ली फाइल सिस्टम अशी एरर येतेय, फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, दिलं तरी येतेय. ते आधीच सांगून ठेवते. तुमचा सर्व्हर उबुंटू २२.०४ आहे आणि टॉमकॅट ९ तुम्ही ॲप्ट इन्स्टॉलने घेतलाय. त्या पॅकेजमध्ये सिस्टमडीने, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिसेस चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, टॉमकॅटला कुंपण घातलेलं असतं, त्याला वेबॅप्स, लॉग अशा दोन-चार ठिकाणीच लिहिता येतं, बाकी सगळी डिस्क त्याच्यासाठी नुसती वाचायची. परवानगी बदलणारी सीएचमॉड कमांड कितीही मारा, कुंपण तिथेच. सिस्टमसीटीएल एडिट टॉमकॅट९ असं करा, सर्व्हिस या मथळ्याखाली रीड-राइट-पाथ्सची एक ओळ टाकून तुमच्या फोल्डरचा पत्ता द्या, टॉमकॅट रीस्टार्ट करा. फोल्डरची मालकी टॉमकॅट या युजरला द्या आणि ते ७७७ काढा. मला यात एकदा रात्रीचे अडीच वाजले होते.

जाता जाता, डेटाबेसचा पासवर्डही तुम्ही वॉरच्या आतच ठेवलाय, म्हणजे तो बदलला की नवी वॉर. तोही बाहेर काढा. वॉर अशी पाहिजे की ती कधीही पुसली तरी तुमच्या पोटात गोळा येता कामा नये.

कुपवाड एमआयडीसीतून: आमच्या कारखान्याचं स्टोअरचं सॉफ्टवेअर टॉमकॅटवर आहे, मी एकटाच बघतो. रोज सकाळी पहिला माणूस लॉगिन करतो त्याला एरर येते. टॉमकॅट रीस्टार्ट केला की दिवसभर ओके. म्हणून मी रोज ८:५० ला येऊन रीस्टार्ट करतो. सुट्टी घेता येत नाही.

सुट्टी घ्या, मिळेल.

तुम्ही एररचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. त्यात कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर असं आहे, तिथे सगळे थांबतात आणि नेटवर्कवाल्याला फोन करतात. त्याच्या खालची ओळ वाचा, सर्व्हरकडून शेवटचं पॅकेट ५,०३,८७,२१४ मिलिसेकंदांपूर्वी आलं होतं. मी कॅल्क्युलेटर काढला. १३ तास ५९ मिनिटं ४७ सेकंद. तुमचं स्टोअर संध्याकाळी ७ ला बंद होतं आणि सकाळी ९ ला उघडतं, बरोबर? मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये वेट टाइमआउट नावाची सेटिंग असते, मूळची २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास. ८ तास कुणी काही बोललं नाही की तो कनेक्शन आपल्या बाजूने तोडून टाकतो, पहाटे ३ ला त्याने तोडलं. तुमच्या ॲपला ते माहीत नाही, ते सकाळी तोच मेलेला फोन कानाला लावून हॅलो हॅलो करतंय.

म्हणजे तुमच्याकडे अख्ख्या ॲपला मिळून एकच स्टॅटिक कनेक्शन आहे. क्लासेसमध्ये तसंच शिकवतात, डीबी कनेक्शन नावाचा एक क्लास, त्यात एक स्टॅटिक. एकट्याला ठीक आहे ओ, पण पाच जण एकदम बसले की पाचही जण एकाच कनेक्शनवर, एकाने अर्धवट सोडलेलं ट्रान्झॅक्शन दुसऱ्याच्या कमिटमध्ये जाणार, आणि महिनाअखेर स्टॉक जुळत नाही म्हणून तुम्हीच बोलणी खाणार. जुळत नाही ना अधूनमधून? तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला शंका आहे.

हे टॉमकॅटच्या हवाली करा. ड्रायव्हरची जार टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये ठेवा, कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये डेटासोर्सचा रिसोर्स लिहा, टेस्ट ऑन बॉरो ट्रू, व्हॅलिडेशन क्वेरी सिलेक्ट १. मग प्रत्येक वेळी कनेक्शन देण्याआधी टॉमकॅट ते जिवंत आहे का बघतो, मेलेलं फेकून नवं देतो. युआरएलमध्ये ऑटो रीकनेक्ट लावा असं कुणीतरी सांगेल तुम्हाला, नका लावू, त्याने अर्धवट ट्रान्झॅक्शनचा गोंधळ झाकला जातो, मिटत नाही.

एक मात्र सांभाळा, पूलमधून, म्हणजे टॉमकॅटने तयार ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यातून, घेतलेलं कनेक्शन क्लोज करायचंच, ट्राय-विथ-रिसोर्सेस वापरा. क्लोज म्हणजे तुटत नाही, परत पूलमध्ये जातं. काही न सांगता टॉमकॅटचा पूल ८ कनेक्शनं देतो आणि नववा माणूस आला की त्याला वाट बघायला लावतो, किती वेळ, तर कायमचं. एरर नाही, काही नाही, नुसतं गोल फिरत राहतं. तसं झालं की समजायचं कुठेतरी क्लोज राहिलंय.

जतहून: मी शिक्षक आहे. शाळेसाठी मुलांच्या नोंदीचं छोटं ॲप केलंय. घरच्या कॉम्प्युटरवर नावं मराठीत नीट दिसतात, सर्व्हरवर टाकल्यावर सगळी प्रश्नचिन्हं. जुन्या काही नोंदींत वेगळीच चित्रविचित्र अक्षरं आहेत. दोन्ही दुरुस्त कसं करू?

गुरुजी, दोन आजार वेगळे आहेत आणि एकावरच औषध आहे.

तुमच्या गावाच्या कॉलममध्ये एका ठिकाणी सांगली असायला पाहिजे तिथे सहा प्रश्नचिन्हं आहेत. सहा का? स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी. कॉम्प्युटरसाठी ही सहा वेगवेगळी चिन्हं, आणि तुमच्या सर्व्हरवरचं टेबल लॅटिन१ या जुन्या युरोपीय एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीत, बनलंय, त्याला यातलं एकही ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येकाच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहून तो मोकळा झाला. मूळ अक्षर कुठेच राहिलेलं नाही. ती नावं हजेरीपटावरून परत टाइप करायची, दुसरा इलाज नाही, मुलांना कामाला लावा.

दुसरा प्रकार बघा, डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए वारंवार येतोय. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या भाषांना चालणाऱ्या एन्कोडिंगमध्ये, मराठीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं असतं, सांगलीचे होतात १८, आणि कुणीतरी ते १८ बाइट म्हणजे १८ वेगळी इंग्रजी अक्षरं समजून घेतली. इथे माल शाबूत आहे, फक्त चुकीच्या पिशवीत आहे, तो परत उलटवता येतो. पण आधी टेबलची एक कॉपी काढा आणि कॉपीवर करून बघा.

हे होतं कुठे? फॉर्म पोस्ट केला की टॉमकॅट ९, कुणी सांगितलं नाही तर, आतला मजकूर जुन्या युरोपीय एन्कोडिंगचा आहे असं धरून चालतो. वेब डॉट एक्सएमएलमध्ये रिक्वेस्ट कॅरेक्टर एन्कोडिंगची ओळ टाकून यूटीएफ-८ लिहा, टॉमकॅट ९ पासून ती चालते. त्याच्या आधीचं असेल तर फिल्टर लावायचा, आणि तो सगळ्यात पहिला पाहिजे, एकदा पॅरामीटर वाचून झाले की मग सांगून उपयोग नाही. टेबल यूटीएफ८एमबी४ करा. मायएसक्यूएल ८ मध्ये नवीन टेबल आपोआप तशीच बनतात, तुमच्या घरी ८ असणार आणि सर्व्हरवर जुनं, म्हणून तर घरी चालतंय.

कऱ्हाडहून: ऑफिसात टॉमकॅट नाही, वाइल्डफ्लाय आहे. वॉर टाकली की शेजारी डॉट फेल्ड नावाची फाइल येते. ती डिलीट केली तरी परत येते.

अहो ती डिलीट कशाला करताय, ती उघडा! नोटपॅडमध्ये उघडली की का फसलं त्याचं कारणच आत लिहिलेलं असतं. वाइल्डफ्लाय म्हणजे पूर्वीचं जेबॉस, त्याची ही पद्धत आहे, स्टँडअलोनमधल्या डिप्लॉयमेंट्स फोल्डरमध्ये तो फाइलींनी बोलतो. चाललं तर डॉट डिप्लॉइड, फसलं तर डॉट फेल्ड, आणि आपल्याला परत लावायला सांगायचं असेल तर डॉट डूडिप्लॉय नावाची रिकामी फाइल करायची. चालू झाल्यावर तुमच्या मशीनवर दिसेल आणि शेजारच्या टेबलावरून दिसणार नाही, तेव्हा फायरवॉल शोधत बसू नका, तो मुळात फक्त १२७.०.०.१ वर ऐकतो, सुरू करताना मायनस बी आणि ०.०.०.० द्यावं लागतं.

सांगली, विश्रामबागहून: ताई, दोन प्रश्न. एक, मॅनेजरच्या पानावरून वॉर अपलोड होत नाही, ६३ एमबीची आहे. दोन, थेट फोल्डरमध्ये कॉपी केली तर कधी लागते, कधी झिप उघडत नाही अशी एरर येते, फाइल तर तीच असते. नवी बिघडली तर जुनी परत लावता यावी म्हणून मी जुनीचं नाव बदलून तिथेच ठेवतो, ते ठीक आहे ना?

दोन म्हणून तीन विचारलेत, आणि तिसरा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

मॅनेजर म्हणजे ब्राउझरमधून टॉमकॅट सांभाळायचं त्याचंच ॲप, त्याची मर्यादा ५० एमबी असते, मॅनेजर ॲपच्याच वेब डॉट एक्सएमएलमध्ये ५,२४,२८,८०० असा आकडा दोनदा सापडेल, दोन्हीकडे वाढवा. पण खरं सांगू का, मॅनेजर बाहेरच्या नेटवर उघडा ठेवूच नका. मुळात तो फक्त त्याच मशीनवरून उघडतो, तुमच्याकडे बाहेरून उघडतोय म्हणजे कुणीतरी ते कुलूप काढलंय.

कॉपीचं असं आहे की ६३ एमबी जायला वेळ लागतो आणि टॉमकॅट अर्धीच आलेली फाइल उघडायला जातो. एससीपीने, म्हणजे दुसऱ्या मशीनवर फाइल पाठवायच्या कमांडने, आधी शेजारच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये पूर्ण येऊ द्या, त्याच डिस्कवरच्या, आणि मग एमव्ही कमांडने वेबॅप्समध्ये सरकवा. सरकवणं एका क्षणात होतं, अर्धी फाइल त्याला दिसतच नाही.

आणि जुनी वॉर तिथे अजिबात ठेवायची नाही. तुम्ही नाव बदलून मागे ओल्ड लावता, पण शेवटी डॉट वॉर राहतंच ना? टॉमकॅटला ओल्ड वगैरे कळत नाही, त्याच्यासाठी ते दुसरं ॲप, तेही तो इमानेइतबारे उलगडून चालू करतो, त्याच डेटाबेसला जोडून. मी हे एका हळदीच्या पेढीवर केलेलं आहे. ॲपमध्ये संध्याकाळी ६ ला शेतकऱ्यांना पट्टीच्या रकमेचा एसएमएस जायचा. त्या दिवशी जुनी आणि नवी दोन्ही ॲप जागी होती, प्रत्येकाला दोन-दोन एसएमएस गेले, आणि जुन्यात तोलाई धरलेली नव्हती म्हणून दोन्हीतली रक्कम वेगळी. दुसऱ्या दिवशी सकाळी पेढीच्या दारात पहिले आजोबा आले ते मोबाइल पुढे करून म्हणाले, "लहान रकमेचं राहू द्या, मोठ्या रकमेचंच द्या."